सायकल घेताना : रूप, मोल आणि मिस्त्री

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यामागून आम्ही सायकलीवर बोलावयास उभे राहणे म्हणजे शालजोडीच्या घडीवर घोंगडे ठेवण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. शिवाय आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध फायलीवर आलेल्या टिपणापुरताच. तरीही कार्यवाहांचा आग्रह आम्ही मोडला नाही, याचे कारण निराळे आहे. चंडीगडात बदलून आल्यापासून मंडळातील अनेक पालक आम्हांस विचारतात, "मुलाला रोड बाईक हवी आहे, कोणती घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही पंचवीस हजार रुपये आणि एक मनगट मोजून शिकलो आहोत. ते आपणांस फुकट मिळावे, एवढाच या भाषणाचा हेतू.

आरंभ पुण्यापासून करावा लागेल. आमचे वडील टपाल खात्यात होते. कचेरीतून सायकलीसाठी अग्रिम घेऊन त्यांनी बावीस इंची काळी सायकल घेतली होती. (केंद्र सरकारने हे अग्रिम सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, बंद केले.) दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडे आणि वर्षातून एकदा तिचे ओव्हरऑइलिंग होई. १९८३ साली आम्ही आठवीत असताना ती आमच्याकडे आली आणि आम्हांस तिची लाज वाटू लागली. वर्गातील एका मुलाच्या सायकलीला मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल होते. आम्ही खाऊचे पैसे साठवून जुन्या बाजारातून तसलेच एक हँडल पैदा केले आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने ते हातात फिरवून पाहिले आणि म्हणाला, "हँडल बसवीन रे पोरा, पण ब्रेक कुठे बसवू?"

त्याचे म्हणणे खरे होते. जुन्या सायकलीचे ब्रेक सळयांचे. मुठीखालची पट्टी ओढली की सळई वर खेचली जाते आणि रबरे रिमला आतल्या अंगाने भिडतात. ही रचना सरळ हँडलाला बांधलेली. वळलेल्या हँडलाला तारेचे ब्रेक हवेत, आणि तारेच्या ब्रेकला सपाट कडांची रिम हवी. म्हणजे एका हँडलापायी चाकेसुद्धा बदलावी लागली असती. मजुरीचे पैसे समोर दिसत असताना त्या माणसाने काम नाकारले. आम्ही रडत घरी आलो. वडील एवढेच म्हणाले, "दुकान चांगले आहे." त्या वाक्याचा अर्थ उमगण्यास आम्हांस जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

नोकरीत बदल्या झाल्या, गावे बदलली, सायकल सुटली. पन्नाशी उलटल्यावर चंडीगडात आलो. येथील रस्त्यांच्या कडेने आखलेले सायकलमार्ग आणि पहाटे सुखना तलावाकडे जाणारे स्वार पाहून जुनी इच्छा उसळून आली. त्याच सुमारास नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण केल्याचे आणि त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पार पाडल्याचे वाचनात आले. आम्ही अमेरिका ओलांडणार नव्हतो. पण मराठी माणसाने निदान कालका तरी गाठावे, असे वाटले.

एका मोठ्या दुकानात लाल रंगाची, वळल्या हँडलाची सायकल पाहिली आणि आम्ही पुन्हा आठवीत गेलो. किंमत सेहेचाळीस हजार, सवलतीत अडतीस. त्या किमतीत एकच माप शिल्लक होते, ५६. विक्रेता म्हणाला, "सीट खाली केली की झाले." आमची उंची साडेपाच फुटांच्या आसपास. रोड बाईकच्या फ्रेमचे माप सेंटिमीटरांत सांगतात आणि आमच्या उंचीला ५२च्या जवळपासचे माप लागते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सीट खाली होते. पण सीटपासून हँडलापर्यंतचे अंतर त्याने कमी होत नाही. दर फेरीला आम्ही दोरीवर टाकलेल्या धोतरासारखे ताणले जात होतो. मान अवघडे, तळहात बधिर होत. तक्रार घेऊन गेलो, तर दुकानाने अकरा हजारांची हलकी चाके सुचविली. "थकवा जाईल" म्हणाले. आम्ही घेतली. सायकल आणखी देखणी झाली. बधिरता तेथेच राहिली.

एका रविवारी परवाणूच्या वरचा चढ कसाबसा चढून आम्ही परतत होतो. उतारावर पुढे एक ट्रक थांबलेला दिसला. ब्रेक दाबावयास गेलो, तो बोटांना संवेदनाच नव्हती. ब्रेक लागला, पण उशिरा. खडीवरून चाक घसरले आणि ट्रकच्या चार हात अलीकडे आम्ही रस्त्यावर आडवे झालो. शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले. डावे मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिले. रुग्णालयातून परतताना आमच्या सौभाग्यवती एक शब्दही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाल्या, "ती विका, नाहीतर मला कळेल अशा तऱ्हेने ती सुरक्षित करून दाखवा."

त्या आदेशाने आम्ही एका लहानशा दुकानात पोहोचलो. तेथील वयस्क मिस्त्री लुधियान्याच्या कारखान्यात काम केलेले. १९५६ साली हीरो सायकलचा कारखाना निघाला, ते हे शहर; देशातील सायकलींचे माहेरघरच. मिस्त्रींनी सायकलीकडे पाहण्याआधी आम्हांस तिच्यावर बसविले आणि भिंतीला धरून उलटे पायडल मारावयास लावले. मग म्हणाले, "साहेब, हँडलाचा दांडा आखूड करून देईन, थोडा फरक पडेल. पण ही सायकल तुमची नाही. हिच्यावर आणखी पैसा घालू नका." चाळीस वर्षांपूर्वीचे पुण्याचे दुकान आम्हांस तेथे पुन्हा भेटले.

त्यांनीच एक उंच गिऱ्हाईक गाठून ती सायकल चोवीस हजारांना विकून दिली. हिशेब सरळ आहे : अडतीस आणि अकरा एकोणपन्नास, वजा चोवीस. आठ हजार वाचविण्यासाठी आम्ही पंचवीस हजार घालविले. त्यानंतर ५२ मापाची, आठ गियरच्या संचाची, करड्या रंगाची साधी सायकल घेतली.

या अनुभवातून जे शिकलो, ते क्रमाने सांगतो.

पहिले, माप. मुलाला सायकलीवर बसवा. पायडल तळाशी असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. कोपरे मोकळी, थोडी वाकलेली असावीत. "वाढत्या अंगाची आहे" म्हणून सदरा घ्यावा, सायकल घेऊ नये.

दुसरे, दुकान. खोक्यातून आलेली सायकल कोण जोडणार, हे विचारावे. नव्या सायकलीच्या तारा काही आठवड्यांत सैल पडतात, आरे बसतात. त्या वेळची पहिली दुरुस्ती आणि रिमचा आऊट काढणे कोण करील, हे पैसे देण्यापूर्वी ठरवावे. पुष्कळ रोड बाईकच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक नळीचा असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. त्यासाठीची चिमुकली पितळी टोपी जे दुकान आठवणीने देते, ते पुढेही आठवण ठेवते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. वाचलेली ती रक्कम शिरस्त्राण आणि पंप यांकडे वळवावी.

तिसरे, सुधारणा. आधी शरीर जेथे टेकते ते : सीट, हँडल, मुठी. मग जमीन जेथे टेकते ते : टायर आणि ब्रेकची रबरे. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर आपल्या रस्त्यांवर अधिक सुखाचा. त्यानंतर चढ. पुढे ३४ दाते आणि मागे २८ असतील, तर एका पायडलफेरीत मागचे चाक सुमारे सव्वा फेरी फिरते. मागे ३२ दाते घातले की जेमतेम एक फेरी. परवाणूच्या चढावर हा पाव फेरीहूनही कमी फरक गुडघ्यांना फार मोठा वाटतो. आठ गियरचे अकरा करू म्हटले, तर मात्र मुठी, गियर बदलणारे भाग, चेन, मागची चक्रे आणि बहुधा चाकही बदलावे लागते. त्या खर्चात दुसरी सायकल डोकावू लागते. हलकेपणा सर्वांत शेवटी. पोटाचा घेर कमी करणे स्वस्त पडते.

आणि रूप? रूपाला आम्ही नावे ठेवणार नाही. जी सायकल पाहून मन हरखते, तीच पहाटे पाचला अंथरुणातून उठविते. मात्र रंगाची निवड माप आणि दुकान ठरल्यानंतर करावी. आमची करडी सायकल प्रथम आम्हांस सरकारी कपाटासारखी वाटली होती. गेल्या दसऱ्याला सौभाग्यवतींनी आपणहून तिला झेंडूची माळ घातली, तेव्हापासून ती आम्हांस देखणी दिसते.

शेवटी एक विनंती. दर रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही तलावाच्या फाटकापाशी असतो. मुलांच्या सायकली घेऊन या. शाळेची बारा इंची पट्टी आमच्या खिशात असते. चेनच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरावी; सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलावी, अष्टमांश भरली तर मागची चक्रेही बहुधा झिजली असे समजावे. पट्टी लावण्याचे काम आम्ही करू. त्यानंतर खर्च करावा की नाही, हे विचारावयास मिस्त्रींच्या दुकानात सगळे मिळून जाऊ.