शाळेतलं पार्लर आणि बाहेरचा बाजार

(उपनगरातल्या महिला मंडळांच्या व गटांच्या कार्यकर्त्यांसमोर घाटकोपर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय 'शाळेतलं व्यवसाय शिक्षण आणि मुली' असा ठरला आहे. मुलुंड-घाटकोपरच्या आणि तिकडे अंधेरी-बोरिवलीच्या वस्त्यांमधून नववी ते बारावीच्या मुलींबरोबर मी काही वर्षं काम करते आहे, म्हणून मला बोलावलं. मी भाषणाची सवय असलेली बाई नाही. जे पाहिलं आणि त्यावरून जे वाटतं, ते सांगते. पटलं नाही तर मध्येच थांबवा.

आधी थोडा इतिहास, कारण सरकार दर दहा-वीस वर्षांनी ही गोष्ट नव्यानेच सुचल्यासारखी सांगतं. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (1964-66) शाळेत 'कार्यानुभव' आणायला सांगितलं. आपल्यातल्या कितीतरी जणींनी कार्यानुभवाच्या तासाला रुमालाला टीप मारली असेल. मुलं त्याच तासाला पुठ्ठ्याची खोकी करायची. मग 1986 चं शैक्षणिक धोरण आलं. उच्च माध्यमिकच्या 10 टक्के मुलांना 1990 पर्यंत आणि 25 टक्के मुलांना 1995 पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमात आणायचं त्यात ठरलं होतं. पुढे मुदती सरकल्या. 2020 च्या धोरणात 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचं लिहिलं गेलं, आणि त्याच कागदात 19 ते 24 वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी कामकऱ्यांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेलं आहे, हेही मान्य केलं आहे.

महाराष्ट्रात 1988-89 पासून दहावीनंतरचे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. त्यात मुली कुठे दिसायच्या? पाळणाघर आणि पूर्वप्राथमिक व्यवस्थापन, बेकरी, पाककला. 2015-16 पासून राज्यातल्या काही माध्यमिक शाळांत नववीपासूनच व्यवसाय विषय आले. यादी छान आहे. ऑटोमोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स, रिटेल, आरोग्यसेवा, पर्यटन, मीडिया, ब्युटी अँड वेलनेस. पण कुठल्याही एका शाळेत यातले एक-दोनच विषय असतात. ते कुठले असावेत हे मुलींना कुणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात तरी मुलींची शाळा म्हटली की ब्युटी, आणि मुलं-मुली एकत्र असली की मुलं वायरिंगच्या बाकावर आणि मुली आरशासमोर.

हे काही नकळत होत नाही. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगावरून फरक नको, असं हंसाबेन मेहतांच्या समितीने 1964 सालीच सांगितलं होतं. 1986 च्या धोरणातही व्यवसाय शिक्षणातल्या 'बायकी-पुरुषी' साच्यांना छेद देण्याचं वचन आहे. म्हणजे आपण काही नवी मागणी करत नाही, जुनीच उधारी मागतो आहोत.

इथे आपल्या आपल्यातला एक प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. 1996 साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा देशभरच्या स्त्री संघटनांनी निषेध केला होता. बाईचं शरीर हा बाजाराचा माल नाही, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. मग आपल्याच वस्तीतल्या मुलीला भुवया कोरायला, चेहऱ्याला ब्लीच लावायला शिकवणाऱ्या वर्गाचं आपण काय करायचं? एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "हा विषयच बंद करा म्हणून निवेदन देऊ." मला ते पटलं नाही. गोऱ्या रंगाच्या वेडाशी आपलं भांडण आहे आणि ते राहणारच. पण दिवसभर मान वाकवून दोरा ओढणारी, मेणाच्या वाफेत उभी राहणारी मुलगी ही कामगार आहे. तिच्या कामाला आपण नाकं मुरडली तर तिच्या मजुरीचा प्रश्न कोण विचारणार? 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिक कारागीर एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. सेवा-व्यवसायातला माणूस स्वतःच्या कामाबद्दल विचार करू शकतो, हे आपल्या इतिहासात आहे. पार्लरमधल्या मुलीकडून तेवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आणि नाकं मुरडण्यात जातही असते बरं का. भांडुपच्या एका आईने मला तोंडावर विचारलं होतं, "शाळेत घातली ती लोकांचे पाय धुवायला शिकावी म्हणून का?" पेडिक्युअरचा धडा होता तो. तिच्या सासूने आयुष्यभर दुसऱ्यांचे संडास साफ केले होते. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. कुठल्या वस्तीतल्या शाळेला कोडिंग मिळतं आणि कुठल्या शाळेला पाय घासणं, हे ती आई आपल्यापेक्षा आधी ओळखते.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिकडे येते. प्रमाणपत्र मिळतं, पुढे काय?

अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात चित्रपट आणि मालिकांचं केवढं काम चालतं ते तुम्ही जाणता. मेकअप, केशरचना, वेशभूषा ही तिथली रोजीरोटी. मेकअप शिकणाऱ्या आमच्या मुलींपैकी निम्म्या जणींचं स्वप्न हेच, की एक दिवस स्टुडिओत जायचं. आणि या स्वप्नाच्या दारावर 1955 पासून एक नियम होता. मुंबईतल्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर्स असोसिएशनमध्ये मेकअप कलाकाराचं कार्ड फक्त पुरुषाला मिळायचं. बाईने केस करावेत, चेहरा पुरुषाने रंगवावा. कार्ड नाही तर सेटवर काम नाही. दुसरा नियम असा, की महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा हवा. कारण दिलं जायचं ते नेहमीचंच: बायकांना मेकअप करू दिला तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल.

चारू खुराणा ही शिकलेली मेकअप कलाकार. तिला कार्ड नाकारलं गेलं, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने हे दोन्ही नियम रद्द केले. समानतेचा आणि जगण्याचा घटनादत्त हक्क मोडतो, असं न्यायालयाने म्हटलं. त्यात आणखी एक बारीक मुद्दा होता, तो मी मुलींना मुद्दाम सांगते. तेव्हा लागू असलेल्या 1926 च्या कामगार संघटना कायद्याच्या 21 व्या कलमात 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द होता. पंधरा वर्षं पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती संघटनेची सभासद होऊ शकते. तिथे 'पुरुष' लिहिलेलं नाही. दहावीच्या वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मी आत्ताच होऊ शकले असते?" हो, वयाने होऊ शकली असतीस.

विचार करा. जवळजवळ साठ वर्षं मुंबईत मुलींना कुणीही मेकअप कितीही उत्तम शिकवला असता, तरी या धंद्याची चांगल्या पैशाची बाजू त्यांना बंद होती. ती बंद करणारी मालक मंडळी नव्हती, कामगारांची संघटना होती. आपण संघटनेच्या बाजूच्या बाया, म्हणून हे जास्त लागतं. आणि आमच्या मुलींच्या हातातल्या ब्युटीच्या कुठल्याही पुस्तकात मला या निकालाची ओळसुद्धा सापडली नाही. त्वचेचे प्रकार आहेत, ग्राहकाशी हसून कसं बोलावं हे आहे.

हसून बोलणं शिकवतात, भाव करणं शिकवत नाहीत. भटवाडीतल्या एका अकरावीच्या मुलीने नवरीची मेंदी काढली. पाचशे रुपये मिळाले म्हणून खूश होती. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. कोन, तेल आणि रिक्षा मिळून 140 रुपये. उरले 360. मेंदीला सहा तास, जाण्यायेण्यात दोन, म्हणजे आठ. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "रात्री परत कशी आलीस?" तर आई सोबत गेली होती, पूर्ण वेळ बसून होती. मग आईचे आठ तास धरायचे की नाही? वर्गात यावरून चांगलंच भांडण झालं. आई काही काम करत नव्हती म्हणे! शेवटी धरले. सोळा तासांचे 360, तासाला साडेबावीस रुपये. 1988 च्या 'श्रमशक्ती' अहवालाने घरबसल्या आणि असंघटित काम करणाऱ्या बायांचं श्रम दिसत नाही असं म्हटलं होतं. ते या मुलींना एका तासात समजलं. पुढच्या लग्नाला तिने रिक्षाभाडं वेगळं मागितलं आणि मिळालंही. दर मात्र वाढला नाही, कारण शेजारच्या गल्लीतली मुलगी चारशेत करते.

पार्लरमधली उमेदवारी हा आणखी एक सापळा. 'शिकते आहे ना' म्हणून सहा-सहा महिने टॉवेल धुणं, केर काढणं, मालकिणीचं मूल सांभाळणं. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. पण गल्लीतल्या पार्लरमधल्या मुलीची नोंदच कुठे नसते. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळं केलं. पार्लरमध्ये असतात तीन-चार जणी. एवढ्या छोट्या जागी लैंगिक छळ झाला तर जायचं कुठे? 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि त्या कायद्यात शिकाऊ मुलगीही 'कर्मचारी' धरली आहे. अठराच्या आतली असेल तर पॉक्सोही लागतो. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. या खोलीत किती जणींना हे ठाऊक होतं, ते हात वर करून सांगू नका; मुलींना ठाऊक नाही एवढं मी सांगते.

शिकवणाऱ्या बाईंकडेही पाहा. या विषयांचे प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी खाजगी संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले जातात. मला भेटलेल्या एका प्रशिक्षिकेचा पगार चार महिने आला नव्हता. ती मुलींना 'स्वतःच्या पायावर उभं राहा' हा धडा शिकवत होती. तिला मुलींसमोर हक्कांबद्दल बोला असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आणि मुलींनी फक्त हेच का शिकावं? अंधेरीच्या सीप्झमध्ये 1973 पासून इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे दागिन्यांच्या कारखान्यांत तरुण मुली भरती झाल्या त्या 'बोटं चपळ असतात' म्हणून. सर्किटला चालणारी बोटं शाळेतल्या वायरिंगच्या बाकावर का चालत नाहीत? मुलुंडला सरकारी आयटीआय आहे, राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. आम्ही दहावीच्या मुलींना तिथे नुसतं बघायला घेऊन गेलो. परतताना दोघी वेल्डिंगबद्दल बोलत होत्या. एकीचं घरून मोडलं. दुसरीने अर्ज भरला. उलट बाजूही सांगते: ब्युटीच्या वर्गात बसायची इच्छा असलेला एक मुलगा होता, त्याला वर्गशिक्षकांनीच हसून घालवलं. केस कापण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या पुरुष आहेत, मोठ्या सलूनमध्ये जास्त पैसे घेणारेही बरेचदा पुरुषच. शाळेत मात्र ते बायकी.

तर आता काम. जूनमध्ये नववीचे वर्ग सुरू होतात, विषय त्याच्या आधी ठरलेले असतात. म्हणून एप्रिलमध्येच शाळेत जायला हवं, शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या ओळखीची आई असेल तर तिला बरोबर घेऊन. विचारायचं: कुठले विषय मागवले, कुणाला विचारून, मुली किती, मुलं किती, प्रशिक्षकाचा पगार वेळेवर होतो का, आणि कामावर पाठवता तेव्हा मुलींना कुठे पाठवता. मजुरीचा हिशेब, 2013 चा कायदा आणि चारू खुराणाचा निकाल यावर दोन तास मागायचे. दोन तास कुठलेही मुख्याध्यापक देतात, चार मागितले तर अभ्यासक्रम आठवतो.

मी प्रश्नांचा कागद फिरवते आहे. आपापल्या भागातल्या शाळांची नावं त्यावर लिहा. बोरिवलीच्या काजूपाड्यातून अजून कुणी नाही, तिथली कुणी ओळखीची असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.