खारेपाटाचा बांध



पेण म्हटलें कीं गणेशमूर्ति आठवतात आणि रोहें म्हटलें कीं कोंकण रेल्वेचा आरंभ. परंतु रायगड जिल्ह्यांतील या दोन तालुक्यांच्या खाडीकांठीं जी सपाट भातशेती दिसते, ती अनेक पिढ्यांनीं समुद्राशीं झगडून मिळविलेली आहे, हें शहरवासीयांस सहसा ठाऊक नसतें.

या खारजमिनीचें रक्षण मातीचा बांध करतो. बांधांत उघाडी असते. तिचें दार ओहोटीस उघडतें, भरतीस मिटतें. पावसाचें गोडें पाणी शेतांत साठवून उघाडीवाटें सोडलें म्हणजे जमिनींतील मीठ धुऊन जातें. मात्र उन्हाळ्यांत खालची ओल वर चढते, तिची वाफ होते आणि मीठ पुन्हां पृष्ठभागावर येतें. म्हणून हें काम कधींच संपत नाहीं.

उधाणाच्या भरतीनें बांधास खांड पडली, तर एका रात्रींत शेत खारें होतें. खांड लागलीच बुजविली, तर पुढील कांहीं पावसाळे जमीन पुन्हां पिकती करतात. तीच वर्षानुवर्षें उघडी राहिली, तर तेथें खारफुटी माजते. खारफुटी किनाऱ्याची रक्षणकर्ती. ती तोडण्यास कायद्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु मग शेतकऱ्याची जमीन सात-बाराच्या उताऱ्यावर तेवढी उरते. खांडीपेक्षां विलंबच अधिक घातक ठरतो.

पूर्वीं गांवकरी एकत्र येऊन बांध राखीत. या रीतीस ‘जोळ’ म्हणत. पुढें १९४८ व १९७९ च्या खारजमीन कायद्यांनीं सरकारनें यांत लक्ष घातलें. सरकार मोठा बांध घालूं शकतें. पण खेंकड्यानें पाडलेलें भोंक वेळींच पाहणारा डोळा गांवाचाच असावा लागतो.

पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. रोह्याजवळील डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवेही निघाले आहेत. परंतु बियाणें बांधाची जागा घेऊं शकत नाहीं, आणि कालव्याच्या पाण्यासही निचऱ्याची वाट हवी. १८८५ सालच्या नीरा डाव्या कालव्याखालीं निचऱ्याअभावीं कित्येक सुपीक शेतें पाणथळ व खारवट झालीं, हा घाटावरील धडा विसरतां कामा नये.

आपण शहरवासी करदाते आहोंत. बांधाच्या डागडुजीसाठीं पैसा मागितला जाईल, तेव्हां तो वायफळ खर्च मानूं नये. वैशाखांत टाकलेली मातीची पाटी श्रावणांतील अनेक पाट्या वांचविते.