वाढीची वर्षे आणि घरातले ताट
(वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि दहावीत तेच मुलगे त्यांच्या डोक्यावरून पाहू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. त्यामागील कारण मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते. वधूवर-नोंदणीच्या अर्जात 'उंची' असा एक रकाना असतो. तो भरताना आईबापांची होणारी कुचंबणा आम्ही जाणतो. परंतु त्या रकान्याची काळजी आपण मुलगी विशीत आल्यावर करू लागतो आणि निसर्ग तो रकाना त्यापूर्वीच कित्येक वर्षे भरून मोकळा झालेला असतो. यास्तव आज चार शब्द या विषयावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तेथे नवे हाड तयार होत जाते आणि उंची वाढते. वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक वाढते. ते मुलींत असते तसे थोड्या प्रमाणात मुलग्यांतही असते. तेच प्रथम वाढीस वेग देते आणि अखेरीस त्या पट्टीचे हाडात रूपांतर करून वाढीचे दार बंद करते. एकदा हे दार बंद झाले की जगातील कोणतेही औषध ते उघडू शकत नाही.

त्यापूर्वीच्या बालवयात उंची वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वयात येताना मुलीची वाढ वर्षाला ८ आणि मुलाची ९ ते १० सेंटिमीटरपर्यंत जाते. हा भर मुलीला बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षी येतो. म्हणजे मुलग्याला बालवयातील वाढीची सुमारे दोन वर्षे अधिक मिळतात. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या उंचीतील सुमारे १३ सेंटिमीटरच्या अंतराचे हे एक मोठे कारण होय. मुलीला ऋतुप्राप्ती झाल्यावर तिची उंची साधारणतः आणखी ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते. मुलीच्या माता-पित्यांनी हे वाक्य विशेष ध्यानात ठेवावे.

उंचीचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. आईबापांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ मिळवावे, मुलीसाठी १३ वजा करावे आणि निम्मे करावे. पिता १७० व माता १५० सेंटिमीटर असेल, तर मुलाची उंची सुमारे १६६ आणि मुलीची सुमारे १५३ सेंटिमीटर येते. त्यात आठ-नऊ सेंटिमीटर कमीअधिक होऊ शकतात. परंतु आनुवंशिकता केवळ माप आखून देते. ते माप भरते अन्नाने, झोपेने आणि आरोग्याने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हॉलंडचे तरुण सरासरी १६५ सेंटिमीटरच्या आसपास होते. आज तेथील पुरुष जगातील सर्वांत उंच लोकांत गणले जातात. इतक्या थोड्या पिढ्यांत रक्त बदलत नाही, ताट बदलते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या वयात शरीर सर्वाधिक मागते, त्याच वयात मुलगी वाढायला उभी राहते आणि मागाहून उरलेसुरले जेवते. भावाला दूध आणि अंडे, तिला मात्र चहा, ही रीत अद्यापि कित्येक घरांत आहे. डाळ, उसळ, दूध-दही, नाचणी, बाजरी, शेंगदाणे, पालेभाज्या, चालत असल्यास अंडी आणि मासे हे पदार्थ दुर्मिळ नाहीत. ते दोघांच्या ताटांत सारखे पडले पाहिजेत, आणि तेही दहाव्या वर्षापासून, सतराव्यापासून नव्हे. झोपही पुरेशी हवी, कारण वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते.

उंची वाढविण्याची चूर्णे, गोळ्या आणि यंत्रे यांवर पैसा घालवू नये. बारला लोंबकळल्याने हाडे लांब होत नाहीत. व्यायाम अवश्य करावा, त्याने हाडे बळकट होतात.

अठराव्या शतकात फ्रान्समधील माँबेयार या गृहस्थांनी आपल्या मुलाची उंची १७५९ पासून अठरा वर्षे वेळोवेळी मोजून ठेवली. वाढीच्या शास्त्रात त्या नोंदी आजही आदराने पाहिल्या जातात. आपणांस तर केवळ दाराची चौकट आणि पेन्सिल लागते. दर सहा महिन्यांनी खूण करावी. बालवयात वर्षाकाठी ४ सेंटिमीटरही वाढ होत नसेल, अथवा मुलीला तेराव्या व मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे कोणतेच चिन्ह दिसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलगी आठव्या वर्षापूर्वीच वयात येऊ लागली तरीही जावे, कारण अशी मुलगी आज उंच दिसते आणि तिची वाढ लवकर थांबते. थायरॉइडचा दोष किंवा गव्हाने होणारा सीलिअ‍ॅक हा आतड्याचा विकार वेळीच ओळखल्यास उपचार होऊ शकतो. दार बंद झाल्यावर मात्र तज्ज्ञही हात टेकतात.

आणि एक विनंती. ज्यांची वाढ पूर्ण झाली आहे, त्यांच्या उंचीची चर्चा चारचौघांत करू नये. बुटकेपणा हा दोष नव्हे, आणि कोणत्याही मुलीची योग्यता सेंटिमीटरांत मोजता येत नाही. आपणांस करण्याजोगे जे आहे, ते दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या ताटात आहे. आज रात्री घरी गेल्यावर ते ताट एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.