एका हंगामाचे ब्लेझर्स

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. फार तर लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुलं बातम्यांत पाहिलेली असतात. आज सांगतो ती गोष्ट बर्फावरच्या हॉकीचीच आहे, पण अमेरिकेतली आणि अस्सल धंदेवाईक. १९७२ साली फिलाडेल्फिया शहरात एक संघ उभा राहिला, एक हंगाम खेळला आणि शहर सोडून गेला. नाव होतं फिलाडेल्फिया ब्लेझर्स. त्यांचं पराक्रमाचं पान तसं बेताचंच, पण फजितीत त्यांचा हात धरणारा संघ मला तरी सापडलेला नाही.

त्या काळी या खेळाचा सगळा बाजार नॅशनल हॉकी लीगच्या ताब्यात होता. खेळाडूने एकदा एखाद्या क्लबशी करार केला की तो त्या क्लबचा झाला. कराराची मुदत संपली तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडेच राही. मालक देईल तो पगार घ्यायचा, नाहीतर स्केट खुंटीला टांगायचे. गॅरी डेव्हिडसन आणि डेनिस मर्फी या कॅलिफोर्नियातल्या दोघांनी ही कोंडी हेरली आणि वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची दुसरी लीग काढली. बर्फाशी त्यांचा संबंध सरबतापुरताच असावा. पण बास्केटबॉलमध्ये अशी प्रतिस्पर्धी लीग त्यांनी आधी काढून पाहिली होती. कमी पगारावर कुढत बसलेले खेळाडू जास्त पैसे दाखवले की येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे १९७७ साली केरी पॅकरने क्रिकेटमध्ये हाच डाव टाकला, ते आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल.

या नव्या लीगचा एक संघ मियामीला निघायचा होता. मियामी म्हणजे नारळ, समुद्र आणि बारमाही उन्हाळा. संघाचं नाव ठरलं स्क्रीमिंग ईगल्स, म्हणजे किंचाळणारे गरुड. या गरुडांनी बर्नी पेरंट हा नावाजलेला गोलरक्षक टोरांटोहून फोडलासुद्धा. खेळायचं कुठे, एवढाच प्रश्न होता, कारण बांधायला घेतलेलं सभागृह काही पुरं होईना. बाजारात तुरी, तशातली गत! शेवटी एकही सामना न खेळता गरुड मियामीतून उडाले. बर्नार्ड ब्राउन आणि जेम्स कूपर या दोन गृहस्थांनी संघाचे हक्क विकत घेतले आणि बिऱ्हाड फिलाडेल्फियाला हलवलं. ब्राउन यांचा न्यू जर्सीत मालमोटारींचा धंदा होता, कूपर वकील होते.

फिलाडेल्फियात जुन्या लीगचा फ्लायर्स हा संघ आधीपासून होता, आणि स्पेक्ट्रम नावाचं प्रशस्त नवं सभागृह त्याचं घर होतं. तिथे नव्यांना कोण विचारणार? म्हणून मालकांनी ठरवलं की असा माणूस आणायचा, ज्याचं नाव हॉकी न पाहणाऱ्यालाही माहीत असेल.

तो माणूस म्हणजे बोस्टनचा डेरेक सँडरसन. वय २६. लांब केस, झुबकेदार मिशा, फरचा कोट, आणि रात्रीच्या बोस्टनमध्ये स्वतःच्या भागीदारीतला बार. खेळात कच्चा मुळीच नव्हता. १९७० साली त्याच्याच संघातल्या बॉबी ऑरने स्टॅन्ली कप, म्हणजे जुन्या लीगचं विजेतेपद, जिंकून देणारा गोल केला आणि तो हवेत आडवा झाला, ते छायाचित्र त्या खेळात अजरामर आहे. त्या गोलसाठी पक पुरवला होता सँडरसननेच. पक म्हणजे या खेळातला चेंडू. कडक रबराची काळी चकती असते, तळहातात मावेल एवढी. ती चकती जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्लेझर्सनी सँडरसनला देऊ केले सुमारे २६ लाख ५० हजार डॉलर. जगातला सर्वांत महागडा खेळाडू, पेलेपेक्षाही महाग, असा वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला. तो काही जगातला सर्वोत्तम हॉकीपटू नव्हता. त्याच्या स्वतःच्या जुन्या संघातही त्याचा नंबर बराच खाली लागला असता. पण ब्लेझर्सना खेळाडूपेक्षा मथळा हवा होता, आणि तो त्यांना मिळाला. बोस्टनचाच जॉन मॅकेंझी खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आला.

आता पहिल्या घरच्या सामन्याकडे येऊ. तारीख १३ ऑक्टोबर १९७२, वार शुक्रवार. तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात. स्थळ फिलाडेल्फियाचं सिव्हिक सेंटर, प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंड व्हेलर्स. प्रेक्षक आले होते, आणि प्रत्येकाला दारातच आठवण म्हणून एकेक पक फुकट वाटला होता. कल्पना कोणाची होती कोण जाणे!

हॉकीचा बर्फ कसा करतात ते थोडक्यात सांगतो. खाली काँक्रीटची जमीन असते आणि तिच्या पोटात गार द्रावण खेळवणाऱ्या नळ्या असतात. जमीन थंडगार झाली की तिच्यावर पाण्याचा अगदी पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. असं करत करत जेमतेम इंचभर जाडीचा बर्फ होतो. त्याला वेळ द्यावा लागतो. घाई केली तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि वजन पडताच तडकतात. बर्फ गुळगुळीत करायला त्यावर झांबोनी नावाचं यंत्र फिरवतात. ते काही टन वजनाचं असतं. त्या संध्याकाळी झांबोनी बर्फावर आलं आणि बर्फ फुटला. खेळायला पृष्ठभागच उरला नाही. सामना रद्द.

हे प्रेक्षकांना सांगायचं कोणी? मालक पुढे आले नाहीत. लोकांचा लाडका म्हणून सँडरसनच्या हातात माइक दिला. त्याने बिचाऱ्याने सांगितलं, आज खेळ होणार नाही. आणि मग चहूबाजूंनी पकांचा वर्षाव सुरू झाला! शेकडो लोक, प्रत्येकाच्या हातात कडक रबराची फुकटची चकती, आणि समोर उघड्यावर उभा असलेला जगातला सर्वांत महागडा खेळाडू. खरं सांगायचं तर मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. तिकिटाचे पैसे मोजून त्यांना फुटका बर्फ पाहायला मिळाला होता.

सँडरसन ब्लेझर्ससाठी खेळला फक्त आठ सामने, आणि गोल केले तीन. क्लीव्हलँडच्या सामन्यात बर्फावर पडलेल्या कसल्याशा कचऱ्यावरून तो घसरला आणि त्याची पाठ धरली. मालकांना एव्हाना घाम फुटला होता, कारण सभागृह भरत नव्हतं आणि हप्ते मात्र भरायचे होते. अखेर सुमारे १० लाख डॉलर देऊन त्यांनी त्याला मोकळं केलं, आणि तो बोस्टनला परतला.

गंमत म्हणजे सँडरसन गेला आणि संघ खेळायला लागला. आंद्रे लाक्र्वा हा फ्रेंच कॅनेडियन, अंगाने लहानखुरा, बोलण्यात गरीब, त्याने गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून १२४ गुण मिळवून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. डॅनी लॉसनने ६१ गोल केले. जुन्या लीगमध्ये या लॉसनला कोणी खिजगणतीत धरत नव्हतं. आणि गोलमध्ये उभा होता पेरंट, पाठीवर शून्य शून्य असा क्रमांक मिरवत. सुरुवातीला सपाटून मार खाल्लेला हा संघ ३८ विजय आणि ४० पराभव घेऊन बाद फेरीत पोहोचला. त्या ३८ पैकी ३३ विजय पेरंटच्या नावावर आहेत. जाहिरात झाली एकाची आणि संघ ओढला भलत्यांनीच.

बाद फेरीत पुन्हा पैसा आडवा आला. पेरंटच्या कराराची रक्कम हमी म्हणून बाजूला ठेवायची होती. ती ठेवली नाही, असं त्याचं म्हणणं. पहिला सामना खेळून तो चालता झाला. क्लीव्हलँडने ब्लेझर्सना मालिकेत चार-शून्य असं गुंडाळलं. त्यांच्या गोलमध्ये होता सँडरसनचा बोस्टनमधला जुना जोडीदार, जेरी चीव्हर्स. काही दिवसांतच संघ कॅनडातल्या जिम पॅटिसन यांना विकला गेला आणि व्हँकुव्हरला गेला. तिथून पुढे १९७५ मध्ये कॅलगरी, आणि १९७७ मध्ये कायमचा बंद.

फिलाडेल्फियातला त्यांचा मुक्काम एवढाच. पण या संघाचं नाव एका जागी टिकून आहे. नोव्हेंबर १९७२ मध्ये, म्हणजे सँडरसन पाठ धरून बसला होता त्याच सुमाराला, फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती लिऑन हिगिनबॉथम यांनी एक निकाल दिला. खेळाडूला कराराची मुदत संपल्यावरही बांधून ठेवणाऱ्या त्या कलमाचा आधार घेऊन जुन्या लीगने खेळाडूंना नव्या लीगमध्ये जाण्यापासून अडवू नये, असा मनाई हुकूम त्यात होता. खटल्याचं नाव ‘फिलाडेल्फिया वर्ल्ड हॉकी क्लब विरुद्ध फिलाडेल्फिया हॉकी क्लब’. त्यातला पहिला वादी म्हणजे आपले ब्लेझर्स. ज्यांना साधा बर्फ धड गोठवता आला नाही, त्यांच्या नावावर हा निकाल अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत बसला. हॉकीपटूंचे पगार त्या दशकात भराभर चढले, त्यामागे नव्या लीगची बोली होती आणि हा निकालही होता. म्हणून ब्लेझर्सना नुसतं हसून सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

पेरंट फ्लायर्सकडे गेला, म्हणजे त्याच शहरातल्या त्या दुसऱ्या संघाकडे. १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने त्यांना स्टॅन्ली कप जिंकून दिला. सँडरसनचा पैसा दारूत आणि व्यसनांत गेला, न्यूयॉर्कच्या बागेत बाकावर झोपण्याची वेळ आली. पण तो सावरला. पुढे टीव्हीवर समालोचन केलं, आणि नंतर तर खेळाडूंना पैसे कसे सांभाळावेत याचा सल्ला देण्याचा व्यवसायच केला. या विषयातला त्याचा अनुभव दांडगा होता, यात शंका नाही.

राहता राहिला लाक्र्वा. तो व्हँकुव्हरला गेला नाही. त्याच लीगच्या न्यूयॉर्कच्या संघात गेला. तो संघ हंगामाच्या मध्यावरच न्यू जर्सीतल्या चेरी हिल नावाच्या गावी पळाला. तिथल्या सभागृहात पाहुण्या संघाला कपडे बदलायला धड खोली नव्हती. खेळाडू जवळच्या हॉटेलात तयार होऊन, सगळा जामानिमा अंगावर चढवून बसमधून येत. आणि बर्फ एकीकडे उतरता होता. त्या उतारावर खेळूनही लाक्र्वाने गुण जमवणं सोडलं नाही. ती लीग सात वर्षांनी मिटली, तेव्हा तिच्या इतिहासात सर्वाधिक गुण याच लहानखुऱ्या माणसाच्या नावावर होते, ७९८.