मोगरा, जाई, जुई : घरातील नावे आणि शास्त्रातील नावे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय फुलांचा आहे. पण खरे पाहता तो नावांचा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यात मुलांच्या कानावर रोज तीन-चार भाषा पडतात. घरात उर्दू किंवा कोकणी, बाजारात आणि कचेरीत मराठी, पुस्तकात इंग्रजी. त्यामुळे दारातल्या एकाच वेलीला आजी एक नाव देते, शेजारीण दुसरे देते आणि पुस्तक तिसरेच सांगते. मग मुलाला वाटते की पुस्तकातले नाव तेवढे खरे आणि आजीचे नाव अडाणीपणाचे. ही समजूत काढून टाकावी, एवढ्याचसाठी मी उभा आहे.

प्रथम शास्त्रीय नाव म्हणजे काय ते पाहू. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते तसेच, फक्त आडनाव आधी. मोगरा, जाई, जुई, कुंद या सर्वांचे आडनाव एकच, 'जॅस्मिनम'. हा शब्द परका वाटतो काय? तो फारसी-अरबी 'यास्मीन'वरूनच आला आहे. आपल्या वर्गात यास्मीन नावाची मुलगी असेल, तर जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वहीत तिचेच नाव लिहिलेले आहे, हे तिला अवश्य सांगा.

आता एकेक फूल घेऊ.

मोगरा म्हणजे 'जॅस्मिनम सॅम्बॅक'. याचे पान साधे, अखंड, समोरासमोर जोडीने येणारे. उर्दूत कोणी मोतिया म्हणतात, उत्तरेकडे बेला म्हणतात. एकेरी पाकळ्यांचा, दुहेरी पाकळ्यांचा, गुलाबासारखा गच्च भरलेला बटमोगरा, हे सारे एकाच जातीचे प्रकार आहेत. बाजारात नावे निराळी व भाव निराळे, पण शास्त्रात नाव एक. यातील 'सॅम्बॅक' हा शब्द अरबी 'ज़ंबक'वरून आला. जुन्या अरबी वैद्यकात हा शब्द यास्मीनच्या फुलांच्या सुवासिक तेलासाठी वापरीत. आजच्या अरबीत ज़ंबक म्हणजे लिली आणि मोगऱ्याला 'फुल्ल' म्हणतात. लोकांच्या तोंडी शब्द असे सरकत जातात. म्हणूनच न सरकणारे एक नाव जवळ असावे लागते.

जाई म्हणजे 'जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम', अर्थात मोठ्या फुलांची. हिचे पान संयुक्त असते. एका देठावर साधारण पाच ते नऊ लहान पर्णिका. कळीला बाहेरून गुलाबी छटा असते. आता लक्षात घ्या, आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत जिला चमेली म्हणतात, ती बहुधा हीच. म्हणजे भिंतीच्या अलीकडे चमेली आणि पलीकडे जाई, वेल मात्र एकच! संस्कृतात तिला 'जाती' म्हणत, त्याचीच मराठीत जाई झाली. काही शास्त्रज्ञ तिला 'जॅस्मिनम ऑफिसिनेल' या जवळच्या जातीचाच एक प्रकार मानतात, म्हणून पुस्तकात तेही नाव आढळले तर गोंधळू नये.

जुई म्हणजे 'जॅस्मिनम ऑरिक्युलेटम'. ऑरिक्युलेटम म्हणजे कान असलेली. जुईचे पान नीट पाहा. मुख्य पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंना पुष्कळदा दोन चिमुकल्या पर्णिका असतात, जणू कानच. फूल जाईपेक्षा लहान आणि नाजूक. जाई व जुई यांत घोटाळा झाला तर फुलाकडे नव्हे, पानाकडे पाहा. निर्णय तिथेच होतो.

कुंद म्हणजे 'जॅस्मिनम मल्टिफ्लोरम', पुष्कळ फुलांचा. पाने साधी, कोवळ्या फांद्यांवर व पानांवर मऊ लव. मोगरा उन्हाळ्याचा राजा, तर कुंद थंडीत भरात येतो. मात्र वास जेमतेम. फूलबाजारात 'काकडा' म्हणून जी फुले येतात तीही याच जातीची.

आणि ज्याला कोणी लावत नाही तो कुसर, म्हणजेच रानमोगरा, 'जॅस्मिनम मलबारिकम'. सह्याद्रीच्या रानातील ही वेल येऊरच्या डोंगरात उन्हाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांनी भरून जाते. तिची ओळख पुस्तकांच्या आधी रानातल्या आदिवासी बांधवांना होती. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात लॅटिन नावांबरोबर लोकांच्या तोंडची नावेही नोंदवली. ती नावे सांगणारे बहुतेक लोक कधी शाळेत गेले नसतील, पण त्यांचे शब्द ग्रंथात राहिले.

आता दुसरी बाजू. नावात मोगरा किंवा जॅस्मिन असले म्हणजे फूल त्या घराण्यातले असतेच असे नाही. इंग्रजी पुस्तकात रातराणीला रात्रीची जॅस्मिन म्हणतात, पण ती 'सेस्ट्रम नॉक्टर्नम', वांगी-टोमॅटो आणि धोतऱ्याच्या कुलातली, मूळची अमेरिका खंडातली. अनंत हा 'गार्डेनिया', कॉफीच्या कुलातला. तगर चिकाळ झाडांपैकी, कण्हेरीच्या नात्यातली. कुंती लिंबाच्या नात्यातली. तिचे पान चुरगळून पाहा. प्राजक्त मात्र जाई-जुईच्याच कुलातला आहे, जरी प्रजाती निराळी. आणि याच कुलात आणखी कोण आहे ठाऊक आहे? ऑलिव्ह, म्हणजे आपले ज़ैतून! मोगरा आणि ज़ैतून एकाच खानदानाचे आहेत.

विद्यार्थी मित्रहो, यासाठी एक सोपी कसोटी सांगतो. एकेरी पाकळ्यांचे फूल घ्या, त्याची नळी सुईने हळूच उभी चिरा आणि आतले पुंकेसर मोजा. यास्मीनच्या घराण्यात ते दोनच असतात. रातराणीत व तगरीत पाच निघतील. भरगच्च बटमोगरा यासाठी घेऊ नका, कारण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. या प्रयोगाला ना प्रयोगशाळा लागते ना पैसा. एक सुई पुरते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? कारण नाव चुकले तर औषध चुकते. तोंड आले असता जाईचा पाला चघळण्याचा घरगुती उपाय पुष्कळांना ठाऊक आहे. एखाद्याने 'जॅस्मिनचा पाला' एवढेच ऐकले आणि रातराणीचा आणला तर? रातराणी विषारी आहे, तिची फळे विशेष करून. आपली मुले-मुली आज युनानी, आयुर्वेद आणि फार्मसीच्या शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांना 'चमेली' आणि 'जाती' हे दोन शब्द दोन वेगळ्या ग्रंथांत भेटतील. त्या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे शास्त्रीय नाव.

हा पूल बांधण्याचे काम आपल्याला नवे नाही. अल-बिरूनी याने अकराव्या शतकात औषधींवर ग्रंथ लिहिला, त्यात एकेका द्रव्याची अरबी, ग्रीक, सिरियाक, फारसी आणि हिंदी नावे शेजारी शेजारी मांडली. स्पेनमधील मालागाचा इब्न अल-बैतार, जो 1248 साली दमास्कसला वारला, त्याने सुमारे 1400 औषधी द्रव्यांचा कोश रचला. हे थोर विद्वान वेगवेगळ्या भाषांतली नावे नोंदवून घेत. कोणत्याही भाषेला कमी लेखत नसत.

आणि शास्त्रीय नाव म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. खुद्द लिनियसने 1753 साली मोगरा प्राजक्ताच्या प्रजातीत घातला होता. 1789 साली एटन या स्कॉटिश उद्यानतज्ज्ञाने तो यास्मीनच्या प्रजातीत आणला. ज्ञान वाढते तशी दुरुस्ती होते. यात लिनियसला कमीपणा नाही आणि आपल्यालाही नसावा.

तेव्हा माझी एक सूचना आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने यंदा एक वही करावी. त्यात सुकवलेले पान व फूल चिकटवावे. खाली आईने सांगितलेले नाव, शेजाऱ्याने सांगितलेले नाव, कल्याणच्या फूलबाजारातील नाव, फुलण्याचा महिना आणि शेवटी शिक्षकांच्या मदतीने शास्त्रीय नाव लिहावे. सायली आणि नेवाळी ही दोन नावे मी मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली आहेत. कोणाच्या घरी कोणत्या वेलीला ती लावतात, ते पान पाहून तुम्हीच ठरवा.

पालकांना एवढेच सांगणे आहे की मुलगा-मुलगी वही घेऊन आली तर 'मला काय कळते' असे म्हणू नका. ज्या माऊलीने अंधारात नुसत्या वासावरून जाई आणि जुई ओळखली, तिच्याजवळ विद्या आहे. फक्त ती लिहिलेली नाही. चाळी पडून इमारती उभ्या राहत आहेत, अंगणे जात आहेत, आणि अंगणाबरोबर नावेही जातील. मुलांनी ती लिहून घेतली तर राहतील. शास्त्रीय नाव शिकावे, पण घरातले नाव पुसून नव्हे. त्याच्या शेजारी लिहून.