डाव सोडण्याची सवय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे. विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या मी पाहिल्या. वर्धापनदिनाच्या दिवशी पोकरसारख्या पत्त्यांच्या जुगारावर बोलायचे म्हणजे काय! पण जे आपल्या घरावर गुदरले तेच माणसाने बोलावे, म्हणून धीर केला आहे.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या थोरल्याने मोबाईलवर पोकर खेळून ३५,००० रुपये घालवले. त्यांतले २०,००० धाकटीच्या कॉलेजच्या फीचे होते. भरून ये म्हणून मीच त्याच्या हाती दिले होते. फीची तारीख उलटून गेली तेव्हा सारे उघडकीस आले. बाकीचे १५,००० मित्राकडून उसने घेतलेले. लग्नातली अंगठी मोडून मी फी भरली. ह्यांनी आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला. मी रडले, ओरडले, गळ्याची शपथ घातली. शपथ त्याने मनापासून घेतली, आणि चौथ्याच रात्री त्याच्या पांघरुणात मोबाईलचा उजेड दिसला.

त्या रात्री मला एक समजले. वाईट आहे हे त्यालाही कळत होते. कळूनही हात थांबत नव्हता. मग मी ठरवले की ज्याने पोराला ओढले ते आहे तरी काय ते पाहावे. दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर घरातले जुने पत्ते काढले आणि म्हटले, "मला शिकव."

तो आधी लाजला, मग शिकवू लागला. खेळ असा : प्रत्येकाला दोन पाने झाकून द्यायची. मग मधोमध पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडायची, ती सर्वांची सामाईक. या सात पानांतून ज्याची पाच पाने सरस, त्याचा डाव. मध्ये बोली वाढत जाते आणि पटत नसेल तर केव्हाही पाने टाकून डाव सोडता येतो. आम्ही पैशांच्या जागी चिंचोके घेतले, प्रत्येकी शंभर. अर्धा तास, घड्याळ लावून. तेवढा वेळ मोबाईल डाळीच्या डब्यामागे.

महिन्याभरात चिंचोके माझ्याकडे जमले. हुशारी माझी नव्हे. तो प्रत्येक डाव खेळे, मी बहुतेक सोडून देई. पहिले पान कोणतेही येवो, उरलेल्या ५१ पानांत त्याच्या जोडीची तीनच असतात. म्हणजे हाती जोडी येणार ती सतरा डावांत एकदा. एक्क्यांची जोडी तर २२१ डावांत एकदा! मग रोज नशीब उघडेल म्हणून बसायचे कशाला? दूध तापेपर्यंत गॅसपाशी उभे राहण्याची आपल्याला सवय असते. ती नुकत्या कमावत्या झालेल्या पोराला नसते.

एकदा माझ्या हाती एक्क्यांची जोडी होती आणि तरी मी हरले. मी कुरकुरले. तेव्हा त्याने मला एका बाईची हकीकत सांगितली. मारिया कोनिकोव्हा नावाची अमेरिकेतली लेखिका. मानसशास्त्रातली डॉक्टरेट, पण पोकर तिला मुळीच येत नव्हता. एरिक सायडेल या नामवंत खेळाडूकडे ती शिकली आणि जानेवारी २०१८ मध्ये बहामा बेटांवरच्या एका स्पर्धेत पहिली आली. २०२० मध्ये त्यावर तिने पुस्तक लिहिले. ती आपल्या दुर्दैवाची कहाणी सांगू लागली की गुरू ती ऐकूनच घेत नसे. डाव कसा खेळलीस याबद्दल काही विचारायचे असेल तर विचार, एवढेच त्याचे म्हणणे.

हे मला फार पटले. एक्क्यांची जोडी असूनही एकास एक खेळताना शंभरांत सुमारे पंधरा वेळा हार येतेच. लोणचे नीट घातले तरी एखाद्या वर्षी बुरशी धरते, आणि निष्काळजीपणे घातलेले टिकते. म्हणून काय निष्काळजीपणा शिकायचा? आपण केले ते बरोबर होते का, एवढेच पाहावे. त्या दिवसापासून आम्ही वही घातली. जिंकलो-हरलो ते लिहायचे नाही. कोणता डाव का खेळलो आणि तेव्हा मन कसे होते, ते लिहायचे. पंधरा दिवसांनी वही वाचून तो गप्प झाला. त्याचे वाईट डाव बहुतेक एका मोठ्या हारीच्या लगेच नंतरचे होते. खेळणारे याला टिल्ट म्हणतात. आपण डोके फिरले म्हणतो. धर्मराजाचे तेच झाले. पहिल्या द्यूतात गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले, तरी पुन्हा बोलावणे येताच तो पुन्हा जाऊन बसलाच.

भगिनींनो, मन एकदम पटावर आवरत नाही. त्याला दिवसभर वळण लावावे लागते. आमच्या घरी लागलेल्या सवयी सांगते. उठण्याची वेळ एक, रात्री मोबाईल स्वयंपाकघरात. सकाळी दहा मिनिटे स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष. मन पळाले की रागावायचे नाही, परत आणायचे. जेवताना जेवणच. पगार आला की फी, वाणी, वीजबिल यांची पाकिटे वेगळी, आणि एकातले दुसऱ्यात न्यायचे नाही. मुरलेले खेळाडूही खेळाचा पैसा घरखर्चात मिसळत नाहीत आणि एका बैठकीत त्यातला थोडाच भाग लावतात, असे त्याने मला सांगितले. आणि शेवटची सवय : राग आला, भूक लागली किंवा झोप अपुरी झाली असेल, तर मोठा निर्णय उद्यावर टाकायचा. ही मी सासू-सुनेच्या बोलण्यातही लावून पाहिली आहे. गुण येतो!

कोणी असे समजू नये की मी पैसे लावून खेळा म्हणून सांगते आहे. या खेळात कौशल्य आहे हे खरे, पण पैशाने खेळवणारा मालक डावांतून आपला वाटा काढून घेतो. त्यामुळे सगळे खेळणारे मिळून कायम तोट्यातच. मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या बोटींतले दिवे कोणाच्या पैशाने जळतात, ते यावरून ओळखावे.

सारे एकदम सुधारले, असेही नाही. मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा ३,००० रुपये हरला. फरक एवढाच की त्याच रात्री येऊन म्हणाला, "आई, आज मी उठू शकलो नाही. वहीत लिहिले आहे." मी रागावले नाही. लपवलेले ३५,००० आणि सांगितलेले ३,००० यांत मला पुष्कळ अंतर वाटले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने केला. पुष्कळ आयांना हायसे वाटले, मलाही वाटले. पण कायद्याने दुकानाला कुलूप लागते. मनाचे कुलूप ज्याचे त्यानेच लावायचे असते.

मित्राचे १५,००० त्याने फेडले. अंगठी अजून झालेली नाही. तिच्यासाठी तो दरमहा १,००० रुपये एका डब्यात टाकतो. तो डबा माझ्या कपाटात नाही, त्याच्याच फळीवर आहे, आणि मी तो उघडून मोजत नाही. हे मुद्दाम केले आहे. पहिल्या महिन्यात मला रात्री झोप येत नसे. आता येते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी पांघरुणात उजेड दिसत असेल, तर शपथा घालण्याआधी एकदा त्या पोराशेजारी बसून पाहा, एवढीच विनंती.