टेबलावर सगळ्यांचे हात
(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्या महिलांच्या शिबिरात केलेले भाषण)



अनेक माणसे मिळून एखादी शक्ती उभी करतात, तिला नाव देतात आणि मग तीच शक्ती त्यांच्याशी बोलू लागते. आज मला त्याबद्दल बोलायचे आहे. 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हे घडते कसे, ते कळल्याशिवाय एकाही बाईला वाचवता येत नाही.

कॅनडातल्या टोरांटो शहरात १९७२ साली आठजणांच्या एका गटाने मुद्दाम एक भूत रचले. फिलिप नावाचा सतराव्या शतकातला इंग्रज सरदार. त्याची बायको, प्रेयसी, आत्महत्या, सगळे मनाने तयार केलेले. कित्येक महिने काहीच झाले नाही. मग ते टेबलावर हात ठेवून गाणी म्हणत, थट्टामस्करी करत बसू लागले, तेव्हा टेबल ठकठक करून उत्तरे देऊ लागले, हलू लागले. टेबल कसे हलते? याचे उत्तर मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५३ सालीच प्रयोग करून दिले होते: बसलेल्यांचेच हात नकळत रेटा देतात. खोटे कोणीच बोलत नसते. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच.

आता आपला एखादा टोला डोळ्यांसमोर आणा. लेकरू वारंवार आजारी पडते. एक म्हणते, ती बाई परवा त्याच्याकडे टक लावून बघत होती. दुसरीला आठवते, आपण तिला उसने तांदूळ दिले नव्हते. तिसऱ्याची म्हैस आटलेली असते. भगताकडे जाईपर्यंत नाव तयार असते. तो दाणे मोजतो आणि तेच नाव परत देतो. ती बाई बहुधा विधवा, एकटी, नावावर एक-दीड एकर धानाची जमीन असलेली. सगळा राग भगतावर काढून आपले समाधान होते खरे, पण टेबलावर हात सगळ्यांचे असतात. आपल्या बचत गटातल्या बायांचेही.

समूहाने जागवलेली प्रत्येक शक्ती घातकच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. तिथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना जंगो रायताडने माया दिली आणि पारी कुपार लिंगोने त्यांना सोडवले, अशी कथा आहे. कुळाचे दैवत म्हणजे पेन. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळे, आणि सारख्या संख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. माणूस गेला की त्याचा जीव पेनात मिळवतात. म्हणजे मेलेले आणि जिवंत मिळून ते दैवत होते, आणि ते कुळाला धरून ठेवते. याला सरसकट 'जादूटोणा' म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझे भांडण आहे.

कायदाही ही गल्लत करत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर कुठे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. यात्रा, भजन, कीर्तन, घरची उपासना यांना तो हात लावत नाही. पण अमुक बाई करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते, असे म्हणून तिच्याविषयी संशय पसरवणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. दखलपात्र आणि अजामीनपात्र. शेजारच्या छत्तीसगडात टोनही छळाविरुद्धचा कायदा २००५ सालचा.

पण पोलीस येतात ते बहुतेक वेळा मारहाण झाल्यावर. त्याआधी काय? टोरांटोच्या गटाने लिहून ठेवले आहे की एकदा त्यांच्यातल्याच एकाने फिलिपला ऐकवले, "तुला आम्हीच तर बनवलंय," आणि ठकठक थांबली. बाहेरच्या कोणी सांगून ती थांबली नसती, असे मला वाटते. म्हणून करणीची कुजबुज कानावर आली की गावसभा बोलावू नका. सभेत टेबल जास्तच हलते. घरोघर जा, त्या टोल्यातलीच एखादी सोबत घ्या आणि एकेकीला एकच विचारा: "तू स्वतः काय पाहिलंस?" बहुतेकींनी फक्त ऐकलेले असते.

दुसरे काम लेकराच्या आजाराचे. आपल्या भागात सिकल सेल आहे. हातपाय सुजतात, हाडांत कळा येतात, थंडीत त्रास वाढतो, मध्ये बरे वाटते, पुन्हा सुरू होते. करणी म्हणायला याहून सोयीचा आजार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली तपासणी होते. इथे एक सांभाळा. शेजारणीवरचा आळ उतरतो आणि लगेच सुनेवर चढतो: "हिच्याच रक्तात खोट." हा आजार लेकराला आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच होतो. तेव्हा आईला घेऊन निघाल्यावर बापालाही उठवा, आणि दोघांचे रक्त एकाच दिवशी तपासून घ्या.